मुलांसाठी घरी काय ठेवावं, कोशाचा पतंग की पॅरामेशिअम?

कोशाचा पतंग म्हणजे टसर रेशमाच्या कोशातून निघणारा पंखवाला कीटक, अन् पॅरामेशिअम म्हणजे साचलेल्या पाण्यातला एकपेशी जीव, जो मायक्रोस्कोपमधूनच नीट दिसतो. आमच्या घरी दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो, तुमचा अनुभव थोडा वेगळा असू शकतो.

सोपं म्हणाल तर पॅरामेशिअमच. नागपुरातल्या फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाच्या काठचं पाणी बाटलीत आणायचं, त्यात थोडी तणस टाकायची अन् सावलीत ठेवून द्यायचं, काही दिवसांनी थेंबाथेंबात धावपळ सुरू. मे महिन्यात बाटली माठाशेजारी ठेवलेली बरी. त्याच्या दोन टोकांना दोन पोकळ्या असतात, त्या चांदणीसारख्या उघडमीट करत जास्तीचं पाणी बाहेर फेकतात, ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी जागचा हललोच नाही.

पण मायक्रोस्कोपमधून एका वेळी एकालाच दिसतं ना! मुलगी ओरडणार बाबा दिसलं दिसलं, मी वाकेपर्यंत ते पळालेलं, मग मी स्लाइड सरकवत शोधायचं, सापडलं की तिला बोलवायचं, तोवर पुन्हा गायब. कापसाचे तंतू टाकले की जरा अडकतं, मोबाइल लावला तर हात हलतो. तिने नेमकं पॅरामेशिअम पाहिलं की हवेचा बुडबुडा, हे मला कळायला मार्गच नाही. आजी एकदा बसली अन् "मला तं काहीच दिसून नाही राहिलं" म्हणून उठून गेली. एकाने बघायचं अन् बाकी घराने ताटकळायचं, हे मला फार खटकलं.

टसरच्या पतंगाचं तसं नाही. वाट बघावी लागते, उन्हाळाभर कोश नुसता लटकून असतो, पाऊस आला की हालचाल. संध्याकाळी कोशाचं टोक ओलं दिसलं की सगळ्यांना हाक मारायची, कारण पतंग आतून रस सोडून ते टोक मऊ करतो अन् बाहेर येतो. पंख आधी चुरगळलेले, मग लटकल्या लटकल्या हळूहळू पसरतात अन् पंखांवरचे डोळ्यांसारखे पारदर्शक गोल ठिपके दिसायला लागतात. आजीसकट सगळे एकत्र बघतात. पतंग काहीच खात नाही, त्यामुळे चाऱ्याची कटकट नाही. मात्र अंड्यांतून अळ्या निघाल्या तर ऐनाचा किंवा अर्जुनाचा ताजा पाला रोज लागतो, तेवढी तयारी नसेल तर पॅरामेशिअमच ठेवा, त्यातही वाईट काही नाही.

कोश आरमोरी, भंडाऱ्याकडच्या कोसा (म्हणजे टसर) पाळणाऱ्यांकडून पावसाआधी आणा अन् जिवंतच मागा, धाग्यासाठीचे कोश आतला जीव मारून वाळवलेले असतात. कानाशी हलवून बघा, आत खुळखुळ वाजलं तर घेऊ नका.