पुएर्तो मोरेलोसचा 'सीक्रेट रीफ' आणि आमचे ५६० डॉलर

मेक्सिकोत कानकुनला जाणारे आपले बरेच लोक हल्ली हॉटेल झोनची गर्दी नको म्हणून जरा खाली पुएर्तो मोरेलोसला राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जरा मोठं होईल पण वाचा, पैसे वाचतील.

आधी गावाबद्दल, कारण गावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एअरपोर्टपासून गाडीने साधारण अर्धा तास, जुनं कोळ्यांचं गाव, एक चौक, एक धक्का आणि १९६७ च्या ब्यूला वादळात कललेला दीपस्तंभ, जो तसाच वाकडा ठेवलाय आणि त्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. समोर समुद्रात मेसोअमेरिकन रीफ, म्हणजे प्रवाळाची (कोरलची) लांबच लांब भिंत, ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगातली दोन नंबरची बॅरियर रीफ. किनाऱ्यावर उभं राहिलं की लांब पाण्यात फेसाची पांढरी रेघ दिसते, लाटा फुटतात ती. तिथे रीफ आहे. किनारा आणि ती रेघ यांच्यामध्ये जे शांत हिरवंनिळं पाणी दिसतं तिथे बहुतेक वाळू आणि समुद्री गवत. एवढा भूगोल डोक्यात ठेवा कारण आमची फसवणूक सगळी याच भूगोलावर झाली.

आम्ही पाच जण होतो, मी, नवरा, मुलगी आणि मालवणहून आलेले मामा-मामी. घर भाड्याने घेतलेलं, त्या घराच्या मॅनेजरने जाण्याच्या आधीच एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला, म्हणे माझा ओळखीचा कोळी आहे, टूरवाल्यांच्या नादी लागू नका. त्या माणसाने लगेच व्हॉइस मेसेज पाठवला, इंग्लिश एकदम फर्मास, की टूरच्या बोटी नेतात तिथली रीफ मेलेली आहे, रोग पडलाय, मी तुम्हाला अशा जागी नेतो जी फक्त आम्हा गाववाल्यांना माहितीये, गर्दी शून्य, कासव गॅरंटी. आता यातली गंमत अशी की रोगाची गोष्ट खरी आहे. २०१८ मध्ये कोरलचा टिश्यू लॉस नावाचा रोग मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला तो पुएर्तो मोरेलोसलाच, आणि त्यात बरंच कोरल गेलं. तुम्ही गुगल केलंत तर तुम्हालाही हेच सापडेल आणि तुम्हाला वाटेल माणूस प्रामाणिक दिसतोय. अर्धं खरं सांगून उरलेलं अर्धं विकायचं हे यांचं काम.

त्याने फोटो पण पाठवले. त्यात एका फोटोत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश होते. हे मासे कॅरिबियनमध्ये नसतातच, ते हिंदी महासागर आणि पॅसिफिकचे, अंदमानला दिसतात, अटलांटिकच्या बाजूला एकही नाही. कुणी तुम्हाला कॅरिबियनच्या टूरचा फोटो म्हणून हा मासा दाखवला तर तिथेच चॅट बंद करा. फोटो कुठून तरी उचललाय.

भाव माणशी ८० डॉलर, पाच जणांचे ४००, निम्मे आधी. ते पेपालवर, आणि त्याचा हट्ट की 'फ्रेंड्स अँड फॅमिली'नेच पाठवा म्हणजे मला फी पडत नाही. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना पेपालचं खरेदीचं संरक्षण नसतं, पैसे गेले की गेले. जो माणूस तुमचा मित्र नाही आणि फॅमिली तर नाहीच नाही, तो असं पाठवायला का सांगतो याचं उत्तर एकच आहे. वर तो म्हणाला तुमचा व्हिजिटॅक्स पण मी भरून देतो, थोडा चार्ज घेईन. व्हिजिटॅक्स हा किंताना रू राज्याचा टुरिस्ट टॅक्स, २०२१ पासून आहे, राज्याच्या सरकारी वेबसाइटवर आपला आपण भरता येतो, आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या जास्त पैसे उकळणाऱ्या साइट्स पण भरपूर आहेत. हे मात्र नवऱ्याने नको म्हणून सांगितलं.

आता तो दिवस. जानेवारी, उत्तरेकडून वारा सुटलेला. हिवाळ्यात तिकडे थंड वाऱ्याच्या अशा लाटा येतात, त्याला ते 'नोर्ते' म्हणतात, आणि वारा वाढला की बंदराचा कॅप्टन म्हणजे सरकारी ऑफिस छोट्या बोटींना बंदर बंद करतं. बंद म्हणजे बंद, कुणाचीच टूर निघत नाही. आम्हाला यातलं काही कुणी सांगितलं नाही. त्याने आम्हाला धक्क्यावर नाही बोलावलं, गावाबाहेर किनाऱ्यावर बोलावलं, आणि जाताना धक्क्याजवळ सगळ्या बोटी बांधून ठेवलेल्या दिसल्या तर हा पठ्ठ्या हसत म्हणतो, बघा, म्हटलं होतं ना गर्दी नसेल. तेव्हा आम्हाला पण भारी वाटलं.

बोटीत चढायच्या आधी उरलेले २०० रोख. मग पार्क फी माणशी २० म्हणून १०० रोख. मग मास्क आणि नळीचं डिपॉझिट १०० रोख. लाइफ जॅकेट तीन, माणसं पाच. मामांनी विचारलं तर म्हणाला पाणी उथळ आहे, लागत नाही. जॅकेट कमी, तरी आम्ही चाललोय.

दहा मिनिटं इंजिन चाललं आणि बोट थांबली. मामांचं आयुष्य देवबागला होड्यांत गेलं, ते काही बोलले नाहीत, पण त्या माणसाने दोरीला बांधलेला लोखंडी नांगर उचलून धप्पकन पाण्यात टाकला तेव्हा मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगो, ह्येना नांगर टाकल्यान. खाली कोरल असता तर असो टाकतत?" मग त्यांनी हात करून दाखवलं, पांढरी फेसाची रेघ अजून कितीतरी पुढे होती. आम्ही मधल्या गवतात उभे होतो. पाण्यात उतरलो, वाऱ्याने वाळू इतकी ढवळलेली की स्वतःचा हात जेमतेम दिसत होता, खाली पट्टीसारखं लांब पानांचं गवत, एक तारामासा, दोनचार पिटुकले मासे. कासवं हे गवत खातात हे खरं आहे, त्यामुळे 'गॅरंटी' तांत्रिकदृष्ट्या अगदीच हवेत नव्हती, पण त्या गढूळ पाण्यात कासव शेजारून गेलं असतं तरी कळलं नसतं. मुलीला उलट्या सुरू झाल्या, अर्ध्या तासात परत. रीफ कुठे विचारलं तर म्हणे हीच रीफ, आज पाणी खराब आहे, त्याला मी काय करू.

किनाऱ्यावर आल्यावर डिपॉझिटमधले ४० परत दिले आणि ६० ठेवले, कारण म्हणे एका मास्कचा पट्टा तुम्ही तोडलात. पट्टा आधीच गाठ मारून जोडलेला होता, मी घालताना बघितला होता, पण फोटो नव्हता. भांडायला गेलो तर त्याचं इंग्लिश अचानक संपलं.

दोन दिवसांनी वारा पडला तेव्हा आम्ही धक्क्याजवळच्या एका काउंटरवर गेलो, कोळ्यांची सहकारी संस्था चालवते तो, आणि तिथल्या बाईने आम्हाला काय झालं ते ऐकून सगळं समजावलं. समोरची रीफ १९९८ पासून नॅशनल पार्क आहे, साधारण नऊ हजार हेक्टर, आणि ती पार्क व्हावी म्हणून गावातलेच लोक मागे लागले होते. टुरिस्ट न्यायचे तर बोटीला परमिट लागतं, ठरलेल्या जागीच जायचं, तिथे बोया म्हणजे तळाशी बांधलेले तरंगते गोळे लावलेले असतात आणि बोट बोयाला बांधायची, कोरलवर नांगर टाकायला बंदी. लाइफ जॅकेट प्रत्येकाला सक्तीचं. पार्क फी भरली की मनगटाला ब्रेसलेट मिळतो, तो नाही तर तुमची फी कुठेच गेलेली नाही, त्याच्या खिशात गेलीय. म्हणजे सांगायचं काय तर इथे चांगल्या जागा गुपित नसतातच हो. त्या नकाशावर आहेत, त्यांच्यावर बोया आहे, त्यांचे नियम आहेत. 'गाववाल्यांची गुप्त जागा' विकणारा एकतर तुम्हाला रीफवर नेणार नाही, नाहीतर जिथे जायला बंदी आहे तिथे नेणार आणि गस्तीच्या बोटीने पकडलं तर तुम्हीही त्या बोटीत असाल.

त्या काउंटरवाल्यांकडे माणशी खर्च ८० च्या निम्म्याच्या आसपास आला, ब्रेसलेट धरून. बाईंनी आधीच बजावलं की कोरल पूर्वीसारखं राहिलेलं नाही, रंगीत बागेची अपेक्षा ठेवू नका, आणि सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू नका, फुल बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला. बोट बोयाला बांधली, गाइड पुढे एक रिंग घेऊन, मामी पोहता येत नसताना ती रिंग धरून पूर्ण वेळ पाण्यात होत्या. सी फॅन नावाचे जांभळे कोरल पंख्यासारखे हलत होते, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सार्जंट मेजर माशांचे थवे, निळे टँग मासे, आणि वाळूत अर्धा पुरलेला एक भलामोठा पाकट, जो बघून मामा पाण्यातून डोकं वर काढून मामींना ओरडून सांगत होते की याचं कालवण किती माणसांना पुरेल. मेलेलं कोरल पण दिसलं, खूप दिसलं, कुणी लपवलं नाही. आणि हो, किनाऱ्यावरून स्वतःच पोहत रीफवर जायचं डोक्यात आणू नका, मध्ये बोटींची ये-जा असते, वरून पोहणारा माणूस दिसत नाही.

तुम्ही जाल तेव्हा धक्क्यावर जाऊन बोटीला नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर रंगवलेला आहे का बघा, आमच्या त्या बोटीवर काहीच नव्हतं, नुसता निळा रंग. सकाळी विचारा बंदर उघडं आहे का, 'पुएर्तो आबिएर्तो' एवढं म्हटलं तरी समजतात. बंद असेल आणि कोणी तरी निघायला तयार असेल तर त्याच्या बोटीत पाय ठेवू नका, हा पैशांचा नाही जीवाचा प्रश्न आहे. एप्रिलनंतर सर्गासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येतं, ते बघून बुकिंग रद्द करू नका, किनारा घाण असला तरी बाहेर रीफवर पाणी पुष्कळदा स्वच्छ असतं, आधी विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल तर पेपालने अपेक्षेप्रमाणे हात वर केले. मेक्सिकोत ग्राहकांच्या तक्रारींसाठी प्रोफेको आणि पर्यावरणाच्या तक्रारींसाठी प्रोफेपा अशा सरकारी संस्था आहेत, दोन्हीकडे बोटीचे फोटो पाठवलेत, पण आमच्याकडे ना पावती ना पूर्ण नाव, नुसता एक फोन नंबर, तोही आता बंद. घराच्या मॅनेजरला विचारलं तर म्हणाला मी फक्त नंबर दिला होता. मग मी घराच्या रिव्ह्यूमध्ये सगळं लिहिलं, बोटवाल्याचं नाव न घेता, नंबर कोणी दिला हे मात्र सांगून. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा मेसेज आला की रिव्ह्यू काढलात तर १०० डॉलर परत करतो. मी लिहिलं ५६० करा. अजून उत्तर नाही, रिव्ह्यू तिथेच आहे.