हिरवा दिवा उजवीकडे: एलिट डेंजरसच्या स्टेशनांवर आठ महिने

एलिट डेंजरस हा अवकाशात जहाज चालवायचा कॉम्प्युटर गेम घेऊन आठ महिने झाले. यातला निम्मा वेळ तरी स्टेशनच्या एका फटीतून आत-बाहेर करण्यात गेला असेल. माल वाहणाऱ्याचं आयुष्यच तसं. गेमबद्दल कुणीही सांगायला बसलं की आधी खऱ्या मापाची आकाशगंगा आणि त्यातल्या 40,000 कोटी ताराप्रणालींचं कौतुक करतं. कौतुक खरं आहे, पण रोज काम पडतं ते स्टेशनच्या दाराशी. म्हणून मी त्या दाराबद्दलच लिहितोय.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोरिओलिस, ऑर्बिस आणि ओसेलस ही मोठी स्टेशनं स्वतःभोवती फिरत असतात. आत शिरायला एकच आडवी फट, खेळाडू तिला मेल स्लॉट म्हणतात. आत भिंतीवर गोलाकार मांडलेले 45 पॅड, म्हणजे जहाज उतरवायच्या जागा. स्टेशनपासून 7.5 किलोमीटरच्या आत आलात की उतरायची परवानगी मागायची, पॅडचा नंबर मिळतो आणि 10 मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. टॉवरवरून तुमच्या नावाची पहिली तीन अक्षरं रेडिओच्या भाषेत उच्चारून हाक मारतात. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

पहिल्याच आठवड्यात स्टेशनच्या तोफांनी मला उडवलं. मी परवानगी मागितली होती, पण फटीसमोर जहाज सरळ करण्यात इतका रमलो की 10 मिनिटं कधी संपली कळलंच नाही. आत शिरलो तेव्हा परवानगी संपलेली. आधी दंड, मग इशारा, मग तोफा. उगाच घुटमळणं हा मृत्युदंडाचा गुन्हा आहे असं तिथे ध्वनिक्षेपकावर सारखं ऐकू येतं. तोवर मला ते विनोदी वाटत होतं.

आता मुख्य नियम. फटीच्या एका बाजूला हिरवे दिवे असतात, दुसऱ्या बाजूला लाल. हिरवा आपल्या उजवीकडे ठेवायचा आणि त्याच बाजूने जायचं. आत जातानाही उजवीकडे, बाहेर पडतानाही उजवीकडे, त्यामुळे समोरासमोर आलेली दोन जहाजं एकमेकांना खेटून निघून जातात. डाव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्याचा हात सुरुवातीला चुकतोच, माझाही चुकला. शिवाय अवकाशात वर-खाली काही नसतं. तुम्ही उलटे आलात तर हिरवा डावीकडे दिसणार, मग जहाज स्वतःभोवती फिरवून घ्यायचं. हा खटाटोप कशाला असं वाटेल, पण त्याचा आणखी एक फायदा आहे. हिरवा उजवीकडे असला की आतले पॅड घड्याळासारखे वाचता येतात: 1 नंबर खाली सहाच्या जागी, तिथून घड्याळाच्या दिशेने आकडे चढत जातात. 24 मिळाला की मान वर. हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले. आता नंबर ऐकताच हात आपोआप वळतो.

गंमत म्हणजे बाजू चुकली म्हणून गेम काहीच करत नाही. दंड नाही, इशाराही नाही. गेमने दिवे लावून दिलेत आणि पुढचं आपल्यावर सोडलंय. तरी ओपन मोडमध्ये, म्हणजे जिथे इतर खरे खेळाडू दिसतात तिथे, जुनी माणसं ही बाजू काटेकोर पाळतात. कॉम्प्युटरने चालवलेली जहाजं मात्र मला तरी क्वचितच बाजू धरून जाताना दिसली. एखादं अवजड जहाज फटीच्या मधोमध सावकाश येतं आणि आपण बाहेर तिष्ठत बसतो.

वेगाचा नियम याच्या बरोबर उलटा, तो चावतो. स्टेशनजवळ 100 मीटर प्रति सेकंद ही मर्यादा. पण नुसतं वेगात गेलं म्हणून कुणी पकडत नाही. मर्यादेच्या वर असताना कुणाला धडकलात तर दंड, आणि त्या धडकेत समोरचा मेला तर तुमच्यावर खुनाचा आळ आणि स्टेशनच्या तोफा. इथे काही लोकांना खेळ सापडला. सुरुवातीला सगळ्यांना फुकट मिळणारं साइडवाइंडर हे चिमुकलं जहाज घ्यायचं, शिल्ड, म्हणजे जहाजाभोवतीचं संरक्षक कवच, काढून टाकायचं, आणि घाईत निघालेल्या मोठ्या जहाजापुढे मुद्दाम आडवं यायचं. त्यांचं जातं फुकटचं जहाज, तुमचा जातो सगळा माल. अशांना खेळाडूंनी सुइसाइडवाइंडर असं नाव ठेवलंय.

माझी अशी गाठ पाचव्या महिन्यात पडली. टाइप-9 हेवी हे अवजड मालवाहू जहाज नवीन घेतलं होतं, सातशे टनांच्या आसपास माल भरून फटीतून निघालो होतो. वेगाच्या आकड्याकडे नजर गेली तेव्हा तिथे 118 होते. काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका वाढत वाढत आला. धडक अशी जाणवलीच नाही, टक् असा आवाज आणि बाजूने तरंगत गेलेला कचरा, बस्स. मग पडद्यावर लाल अक्षरं. टाइप-9 वळायला तयार नसतं, पळायला तर त्याहून नाही. विम्याने जहाज किमतीच्या 5 टक्के भरून परत मिळालं, माल मात्र कायमचा गेला. त्या पोराला मी चार शिव्या घातल्या, पण 118 वर मीच होतो. तेव्हापासून फटीत 90 च्या वर जात नाही, आणि शिल्ड काढून ती जागा मालाला द्यायचा मोह झाला तरी देत नाही.

बाकीचे रिवाज कुठे लिहिलेले नाहीत, बघून बघून कळतात. फटीत थांबून नकाशा उघडायचा नाही. मोठं जहाज फटीत शिरलेलं दिसलं तर लहानाने बाहेर थांबायचं, कारण टाइप-9 किंवा इम्पिरियल कटर आत असताना शेजारी जागा अशी उरतच नाही. आणि कटर तर असं घसरत जातं की थांबायचं ठरवल्यावरही बराच वेळ पुढेच जात राहतं. बाहेर पडलं की तोंडाशी न रेंगाळता बाजूला व्हायचं. येताना शक्यतो ग्रहाच्या बाजूने यायचं, फट बहुधा ग्रहाकडे तोंड करून असते. उलट्या बाजूने आलात तर आख्खं स्टेशन वळसा घालून यावं लागतं. आउटपोस्ट म्हणजे लहान स्टेशनांवर मोठं जहाज न्यायचंच नाही, तिथे मोठा पॅड नसतो. टाइप-7 बघून मध्यम वाटतं, पण त्यालाही मोठाच पॅड लागतो. मी ते घेऊन आउटपोस्टवर गेलो आणि माल तसाच घेऊन परत आलो.

2020 मध्ये आलेल्या फ्लीट कॅरिअरवर, म्हणजे खेळाडूंच्या मालकीच्या अजस्र तळ-जहाजांवर, हा सगळा प्रश्नच नाही. ना फट, ना फिरणं. 16 पॅड उघड्यावर. सोयीचं आहे, आणि मला कंटाळवाणं वाटतं.

डॉकिंग कॉम्प्युटरबद्दल नवीन खेळाडू हमखास विचारतात. हा सुटा भाग जहाजात बसवायचा, परवानगी मिळाली की थ्रॉटल शून्यावर आणायचा, वॉल्ट्झचं संगीत वाजू लागतं आणि जहाज आपलं आपण उतरतं. प्रगत प्रकार उड्डाणही करून देतो. मी तो तीन महिने वापरला. दिवसभराच्या कामानंतर दहा खेपा करायच्या असतील तर तो चांगला आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण तो बसवलेला असताना मला एकही पॅड पाठ झाला नाही, आणि ओपनमध्ये गर्दी झाली की मी हातात चहा असल्यासारखा नुसता बघत बसायचो.

परवा एका भरलेल्या स्टेशनवर मी आत जात होतो आणि समोरून एक अॅनाकोंडा नावाचं मोठं जहाज बाहेर येत होतं. चालवणारा माणूसच असावा, कारण त्याने आधीच हिरव्याकडे सरकून घेतलं. मीही माझ्या हिरव्याला चिकटलो. दोघांच्या शिल्डची निळी झाक एकमेकांवर घासली, तो पुढे गेला, आणि जाता जाता त्याने दिवे दोनदा उघडझाप केले. मला उत्तर द्यायला दिव्याचं बटणच सापडेना.

त्या रात्री डॉकिंग कॉम्प्युटर काढून टाकला आणि त्या जागी 2 टनांचा कार्गो रॅक, म्हणजे माल ठेवायचा कप्पा, बसवला. सातशेत 2 टन म्हणजे काहीच नाही. दिव्याचं बटण मात्र आता अंगठ्याखाली घेतलंय.