डेबियन, फेडोरा, आर्च, टंबलवीड: अपडेट बिघडलं तर मागे कसं फिरायचं?

लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सवर उभारलेल्या तयार ऑपरेटिंग सिस्टीम, यांच्या पॅकेज मॅनेजरची (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-अपडेट करणाऱ्या साधनाची) तुलना निघाली की गाडी वेगावर अडकते. आर्चचा पॅकमन झटक्यात आटोपतो, फेडोराचा डीएनएफ मेटाडेटा (पॅकेजेसची माहिती) उतरवत बसतो, वगैरे. काही महिने चारही डिस्ट्रो रोजच्या कामाला वापरल्यावर सांगतो, वेगाचा फरक लवकरच अंगवळणी पडतो. कस लागतो तो अपडेटनंतर काहीतरी बंद पडल्यावर. तेव्हा मागे फिरायला वाट आहे का, एवढंच मी आता बघतो.

डेबियनची पद्धत अशी की मागे फिरायची वेळच येऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ सोबत एपीटी ३.० (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) मिळालं. आता यादी नीट रकान्यांत दिसते आणि काय काढलं जाणार ते लाल रंगात ठळक येतं. एंटर दाबण्याआधी नजर तिथेच जाते, हे फार बरं झालं. स्टेबल या पक्क्या शाखेत मुख्यतः सुरक्षेचे आणि गंभीर चुकांचे पॅच येतात, त्यामुळे अपडेट छोटे आणि कंटाळवाणे असतात. मला हा कंटाळा आवडतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोर, गुपचूप शिरायची वाट) सापडलं, तेव्हा ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या शाखांत पोचलं होतं, स्टेबलमध्ये नाही. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि त्यातून ते उघडकीला आलं. पण डेबियन १३ च्या एपीटीमध्ये एका आज्ञेत मागे फिरायची सोय नाही. काय काय बदललं ते लॉगमध्ये सापडतं, उलटं फिरवायचं काम मात्र हातानेच.

फेडोरात ती सोय आहे. ‘डीएनएफ हिस्टरी लिस्ट’ म्हटलं की प्रत्येक व्यवहार क्रमांकासह समोर येतो. व्हिडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर मी नुसतं बघायला टाकलं, तर त्याच्यामागून अवलंबित पॅकेजेसची वरात आली. नाही पटलं. ‘हिस्टरी अनडू’ आणि तो क्रमांक, की अख्खी वरात परत. असं स्वच्छ काम बघून खरंच आनंद होतो. मात्र नवीन पॅकेज काढण्याइतकं अपडेट उलटवणं सोपं नाही, कारण फेडोराच्या अपडेट्सच्या साठ्यात सहसा ताजी आवृत्तीच शिल्लक असते. मधली जुनी आवृत्ती हवी असेल तर डीएनएफ हात वर करतो. कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, तसं नाही. मागचे दोन कर्नल डिस्कवर राहतात आणि बूट मेनूतून निवडता येतात. जाता जाता, ‘लँगपॅक्स-एमआर’ हे एकच पॅकेज मागितलं की मराठीचा आधार एकगठ्ठा येतो, हे मराठीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आर्चमध्ये अपडेट म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. अर्धवट अपडेटला आधार नाही आणि ते स्पष्ट सांगितलेलंही आहे. अधिकृत बातम्या वाचल्याशिवाय पॅकमनला हात लावू नये. जून २०२५ मध्ये लिनक्स-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फाइल्सच्या) पॅकेजचे तुकडे केले गेले, तेव्हा जुनं पॅकेज आधी हाताने काढावं लागत होतं. बातमी वाचणाऱ्याचं काम दोन ओळींत झालं. कर्नल बदलल्यावर चालू कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोडभाग) डिस्कवरून जातात, म्हणून अपडेटनंतर पेनड्राइव्ह लावला आणि दिसला नाही तर घाबरू नका, रीस्टार्ट करा. मागे फिरायला मात्र इथे चांगली वाट आहे: उतरवलेली पॅकेजेस कॅशेमध्ये पडून असतात, जुनी आवृत्ती तिथूनच परत बसवायची. एयूआर, म्हणजे वापरकर्त्यांनीच चढवलेल्या पॅकेजेसचा साठा, याबद्दल एकच सांगणं, पीकेजीबिल्ड (पॅकेज बनवायची कृती) वाचता येत नसेल तर तिथून काही घेऊ नका. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावाखाली तिथे मालवेअर चढवलं गेलं होतं.

आणि ओपनसुसे टंबलवीड. माझ्यासाठी स्पर्धा इथेच संपली. रूट (सिस्टीमचा मुख्य भाग) बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर असेल तर इथला पॅकेज मॅनेजर झिपर अपडेट सुरू करण्याआधी आणि संपल्यावर स्नॅपर हा प्रोग्राम आपोआप स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची नोंद) घेतो. एका अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर रुसला आणि लॉगिनचा पडदाच येईना. बूट मेनूत आदल्या स्नॅपशॉटवर गेलो, डेस्कटॉप उभा राहिला, टर्मिनलमध्ये ‘स्नॅपर रोलबॅक’ दिलं, रीस्टार्ट केलं. होम (स्वतःच्या फाइल्सचा फोल्डर) वेगळ्या सबव्हॉल्यूमवर, म्हणजे या स्नॅपशॉटच्या बाहेरच्या भागावर, असल्यामुळे त्याच दिवशी लिहिलेली फाइल जशीच्या तशी होती. फोरम चाळत बसायची गरजच पडली नाही.

तक्रारी आहेत. कंपायलर किंवा ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) बदलली की जवळपास सगळी पॅकेजेस नव्याने येतात. मोबाइलच्या दीड जीबी रोजच्या डेटावर हे परवडत नाही. कोडेक्ससाठी (व्हिडिओ-ऑडिओ चालवायला) पॅकमॅन हा बाहेरचा साठा (आर्चचा पॅकमन नव्हे) जोडला असेल तर आवृत्त्या जुळत नसल्या की झिपर अधूनमधून पर्याय १, २, ३ विचारतो. अशा वेळी जबरदस्ती करण्यापेक्षा दोन दिवस थांबलं तर गुंता बहुधा आपोआप सुटतो.

आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर डेबियनच राहील, आपोआप सुरक्षा अपडेटसह. माझ्या लॅपटॉपवर टंबलवीड. तुम्ही टाकणार असाल तर रूटला ऐसपैस जागा द्या, कारण जुने स्नॅपशॉट पुसले जाईपर्यंत डिस्क खातात.