इलॅस्टिकसर्च, आठ महिन्यांनंतर

एका ग्रंथालयाच्या जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं शोधता यावीत म्हणून इलॅस्टिकसर्च हे मजकूर शोधायचं सॉफ्टवेअर बसवलं, त्याला आठ महिने झाले. शोध झकास चालतो. पण पहिले दोन महिने इंडेक्सिंगने, म्हणजे पानांतल्या शब्दांची शोधसूची बनवण्याने, जीव नकोसा केला. रात्री लावलेलं काम सकाळचा चहा झाला तरी चालूच.

सगळे सांगतात ते उपाय आधी केले. एकेक पान पाठवायचं सोडून बल्कने, म्हणजे गठ्ठ्याने, पाठवू लागलो, तेवढा फरक खरा जाणवला. भरणा चालू असताना रिफ्रेश (नवी पानं शोधात दिसू लागण्याची क्रिया) बंद ठेवला, थोडा फायदा झाला. रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची जादा प्रत, शून्य केली, तर काहीच नाही. सर्व्हर एकच, रेप्लिका मुळात बसणार कुठे? हीप, म्हणजे इलॅस्टिकसर्च ज्यावर चालतं त्या जावाची मेमरी, वाढवून तर उलट मार खाल्ला. १६ जीबीतले १२ जावाला दिल्यावर फाइल कॅशला उरलं काय? निम्म्याच्या वर जाऊ नका, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय.

शेवटी हॉट थ्रेड्स, म्हणजे सीपीयू कुठल्या कामात गुंतलाय त्याचा अहवाल, पाहिले. डिस्क निवांत, सीपीयू मात्र मजकुराचे शब्द-तुकडे पाडणाऱ्या अ‍ॅनालायझरमध्ये घामाघूम. पाप माझंच होतं. हिंदीचा अ‍ॅनालायझर तयार मिळतो, मराठीचा नाही. 'घर' टाकल्यावर 'घराला', 'घरातून' सापडावं म्हणून मी २ ते १० चा एन-ग्रॅम लावला होता, म्हणजे शब्दाचे कुठूनही सुरू होणारे २ ते १० चिन्हांचे सगळे तुकडे. या दोन आकड्यांत १ पेक्षा जास्त फरक इलॅस्टिकसर्च आपणहून ठेवू देत नाही. ती मर्यादा मीच हट्टाने वाढवली होती. 'महाराष्ट्रातल्या' हा शब्द संगणकाच्या हिशेबाने काना, हलन्त धरून १६ चिन्हांचा. त्याचे तुकडे होतात ९९! त्यातले कित्येक कान्याने नाहीतर हलन्ताने सुरू होणारे, म्हणजे जन्मात कुणी शोधणार नाही असे. एज एन-ग्रॅमने, म्हणजे फक्त शब्दाच्या सुरुवातीपासूनचे तुकडे घेतले तर, तेच ९ होतात. म्हणून तोच लावायचं ठरवलं.

चालू फील्डचा अ‍ॅनालायझर बदलत नाही, त्यामुळे नवा इंडेक्स करून सगळं रीइंडेक्स केलं आणि एलियस, म्हणजे इंडेक्सचं टोपणनाव, नव्याकडे फिरवला. शोधताना मात्र साधा अ‍ॅनालायझर वेगळा नेमा, नाहीतर 'घरंगळणे' शोधलं तर त्याचेही तुकडे पडून 'घर'ने सुरू होणारा सगळा गोतावळा येतो. आता रात्रीचं काम जेवणं आटपेपर्यंत संपतं.

एक दुखणं उरलंच. 'घर-घराला' जमतं, 'पाणी-पाण्याला' नाही, 'ऊस-उसाला' तर नाहीच. सामान्यरूपात शब्दच बदलतो. त्यासाठी समानार्थी शब्दांची यादी शोधाच्या वेळी लावली आहे, म्हणजे रीइंडेक्स नको. यादी ग्रंथपाल बाई वाढवतात. काल 'विंचू-विंचवाला' आलं.