पर्पलएअर पीए-२: हवेच्या तपासणी पथकाला किती उपयोगाचे?

कचरा जाळल्याची तक्रार येते आणि पथक पोहोचेपर्यंत आग विझलेली असते. अशा भागात आधीच खांबावर लावून ठेवायला पीए-२, म्हणजे हवेतले बारीक कण मोजणारे पर्पलएअर कंपनीचे छोटे यंत्र, उत्तम आहे. त्याच्या आकड्यावर दंड मात्र लावू नये.

आत प्लँटॉवर कंपनीचे पीएमएस५००३ हे दोन लेसर सेन्सर असतात. पंखा हवा ओढतो, कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून हवेतल्या कणांच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. ए आणि बी या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांपासून दूर जाऊ लागले, तर एकात धूळ, जाळे किंवा किडा अडकला असे धरा आणि तेवढ्या वेळच्या नोंदी वगळा.

खरी अडचण दमट हवेची. कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वर जातो. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, दुरुस्तीचे सूत्र प्रसिद्ध केले: कच्चा आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. यंत्र १०० दाखवत असेल आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर उत्तर येते साधारण ५२. म्हणजे जवळपास निम्मे! हे गुणांक अमेरिकेतल्या मोजणीवरून काढलेले आहेत, म्हणून यंत्र काही आठवडे हवा मोजणाऱ्या अधिकृत केंद्राशेजारी ठेवून स्वतःचे गुणांक काढावेत.

पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रकाना तर पाहूच नका. बांधकामाची, पाडकामाची जाड धूळ या सेन्सरला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे कमी आकडा ही बिल्डरला क्लीन चिट नव्हे. तिथे डोळ्यांनी पाहावे: धूळ हद्दीबाहेर जाते का, राडारोडा ओला आणि झाकलेला आहे का, ट्रकची चाके धुतली जातात का. परवान्यात या अटी असतील, तर त्यांच्या उल्लंघनावर नोटीस काढायला मीटर लागतच नाही.

धुरासाठी एक यंत्र वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि एक वारा जिकडे जातो त्या बाजूला लावा. फरक सतत दिसला, तर फिल्टरवर कण गोळा करणारे अधिकृत यंत्र, म्हणजे सॅम्पलर, न्या. तो २४ तास, मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो. हा प्रवाह ढळला की कोणत्या आकाराचे कण आत घ्यायचे ही छाननीच बदलते, म्हणून आधी आणि नंतर प्रवाह तपासून लिहून ठेवा. फिल्टर कुणी कुणाकडे कधी दिला, याच्या सह्याही हव्यात. दंडाविरुद्धच्या अपिलात पहिला प्रश्न याच कागदांवर येतो.

पीए-२ घेताना एसडी कार्डाचे मॉडेल घ्या. साध्या पीए-२ चे वायफाय तुटले की तेवढ्या वेळची नोंद जाते.