चौदा महिन्यांच्या खेळानंतर: आमच्या होमब्रू जगातील प्रजाती आणि त्यांच्या चालीरीती

गेल्या चौदा महिन्यांपासून आमचा पाच खेळाडूंचा गट शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन बोलत बोलत आणि फासे टाकत गोष्ट घडवण्याचा खेळ, मराठीतून खेळत आहे. नियम २०२४ च्या आवृत्तीचे आहेत, जग मात्र मी स्वतः रचलेले, म्हणजे ज्याला या खेळात होमब्रू म्हणतात तसे आहे. नदीच्या मुखाशी वसलेले एक बंदर, त्याच्या मागे खाणींचे डोंगर आणि डोंगरांपलीकडे जंगल, एवढाच त्याचा विस्तार. प्रजाती नियमपुस्तकातल्याच ठेवल्या आणि त्यांच्या चालीरीती नव्याने लिहिल्या. त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि कोणत्या गळून पडल्या, हे खात्रीने सांगता येईल इतका वापर आता झाला आहे.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. हा खेळ १९७४ साली आला, आणि पुढे अनेक वर्षे एल्फ (माणसासारखे दिसणारे, दीर्घायुषी), ड्वार्फ (बुटके, काटक) वगैरे काल्पनिक लोकांसाठी त्यात 'रेस' हा शब्द रूढ होता. २०२४ च्या पुस्तकात त्याची जागा 'स्पीशीज'ने घेतली. आमच्या पहिल्याच बैठकीत एका खेळाडूने दुसऱ्याला सहज विचारले, "तुझ्या कॅरॅक्टरची जात कोणती?" आणि क्षणभर कोणीच काही बोलले नाही. आपल्या भाषेत हा प्रश्न साधेपणाने विचारता येत नाही, हे सगळ्यांना एकदमच जाणवले. 'वंश' आणि 'कुळ' हे शब्द पुढच्या दोन शनिवारांत वापरून पाहिले, पण त्यांतही तोच वास होता. शेवटी 'प्रजाती' ठरला, आणि त्याबरोबर एक नियमही ठरला: प्रजाती म्हणजे शरीर, आणि चालीरीती म्हणजे ज्या गावात वाढलो त्या गावाच्या. कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, मी या दोहोंसाठी दोन वेगळ्या ओळी आखल्या. छापील नियमही याच वाटेने आलेले आहेत. २०१४ च्या पुस्तकात ड्वार्फला काटकपणाचे दोन गुण जन्मतःच मिळत, २०२० मध्ये ते हव्या त्या क्षमतेला जोडण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये हे गुण कॅरॅक्टरच्या पूर्वायुष्याला, म्हणजे बॅकग्राउंडला, जोडले गेले. मला हा बदल मनापासून पटलेला आहे.

प्रजातींच्या नावांचे भाषांतर करण्याचा माझा प्रयत्न मात्र फसला. एल्फला 'यक्ष' म्हटल्याबरोबर खेळाडू तळ्याकाठी प्रश्न विचारणाऱ्या यक्षाची वाट पाहू लागले. ड्वार्फसाठी सुचलेला प्रत्येक शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो, त्यामुळे तो तोंडी घ्यावासाच वाटेना. दोन महिन्यांत आम्ही मूळ नावांवर परतलो.

आता मुख्य गोष्ट. मी प्रत्येक प्रजातीसाठी चार-पाच पाने लिहिली होती: देव, राजघराणी, जुनी युद्धे, सणांची यादी. त्यातले जवळजवळ काहीही टेबलावर आले नाही. टिकले ते एवढेच, जे नियमपुस्तकातल्या एखाद्या शारीरिक गुणातून सरळ निघत होते आणि रोजच्या व्यवहारात, म्हणजे जेवणात, झोपेत, उधारीत किंवा मरणात, आडवे येत होते.

ड्वार्फचेच पाहा. त्याच्यावर विषाचा परिणाम निम्माच होतो. मग यजमानाने पहिला घास स्वतः खाऊन पाहुण्याची खात्री पटवायची, ही रीत ड्वार्फच्या घरी कुचकामी ठरते, कारण त्याला काही झाले नाही म्हणजे पाहुण्यालाही होणार नाही असे कोण म्हणेल? म्हणून आमच्या डोंगरात अशी पद्धत आहे की घरी माणूस जेवायला येणार असेल, तर रांधायला माणूस किंवा हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे लोक) बोलावतात, आणि जो रांधतो तो पाहुण्याच्या पंगतीला बसतो. आमच्या ड्वार्फ खेळाडूने एकदा एका धान्यव्यापाऱ्याला मोठ्या प्रेमाने स्वतःच्या हातचे वाढले. व्यापाऱ्याने ताट दोन बोटांनी हळूच पुढे सरकवले आणि तो पाणीही न घेता उठला. ठरत आलेला सौदा मोडला, आणि तो सांधण्यात आमच्या पुढच्या तीन बैठका गेल्या. हे सगळे माझ्या टिपणातल्या दोन ओळींमधून निघाले होते.

एल्फला झोप लागत नाही, चार तासांच्या ध्यानात त्याची विश्रांती पुरी होते. आठ तास झोपणाऱ्या माणसाच्या तुलनेत त्याला रोज चार तास जास्त मिळतात, म्हणजे शंभर वर्षांत साडेसोळा वर्षांहून अधिक. त्यातच त्याचे आयुष्य सुमारे साडेसातशे वर्षांचे. हा हिशेब मांडल्यावर एल्फांचे वैभव समजावण्यासाठी कोणत्याही जादूची किंवा प्राचीन राज्याची गरज उरली नाही. आमच्या बंदरात रात्रीचा बाजार, रात्रीची नाव आणि दफ्तरखाना एल्फांच्या हाती आहे, आणि आजोबांनी घेतलेले कर्ज नातवाकडून वसूल करणारा सावकार तोच असतो, त्याच पेढीवर, त्याच चेहऱ्याने. खेळाडूंना तो सावकार कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त भेडसावतो.

हाफलिंगच्या वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर तो पुन्हा टाकता येतो. म्हणून बंदरातल्या जुगारात हाफलिंगने फासा हाती घ्यायचा नाही, असा दंडक आहे. तो गमतीचा आहे, पण त्याच्या पुढे काही गेले नाही. ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखे दिसणारे लोक) आणि नोम (आणखी एक बुटकी प्रजाती) आमच्याकडे रुजलेच नाहीत. ड्रॅगनबॉर्नला तोंडातून आग किंवा बर्फ सोडता येणे हा गुण लढाईत फार उपयोगी पडतो, पण घरात, बाजारात त्यावरून एखादी रीत मला चौदा महिन्यांत सुचली नाही, आणि हा दोष पूर्णपणे माझा आहे.

ऑर्कच्या, म्हणजे धिप्पाड, बळकट प्रजातीच्या, बाबतीत पहिले दोन महिने मी मोठी चूक केली. 'शूर, रागीट, टोळ्यांनी राहणारे' असे लिहून मोकळे झाल्यावर खेळाडू तरी दुसरे काय करणार? त्यांचा ऑर्क प्रत्येक प्रसंगी ओरडायचा. नंतर मी त्यांच्या त्या गुणाकडे वळलो की ऑर्क मरणाच्या दारात कोसळला तरी विश्रांतीपर्यंत एकदा उभा राहू शकतो. त्यावरून एकच रीत लिहिली: ऑर्कांमध्ये मेलेल्याला लगेच उचलत नाहीत, रात्रभर उशाशी बसून त्याला नावाने हाका मारतात. ऑर्क खेळणाऱ्या खेळाडूने स्वतःच पुढे जोडले की हाक मारताना आवाज चढवायचा नसतो, झोपलेल्या मुलाला उठवावे तसे हळू बोलावायचे असते. त्यानंतर त्यांचा ऑर्क ओरडला नाही.

मला सर्वांत जास्त दिले ते वयाच्या फरकाने, आणि ते मराठीतून खेळत असल्यामुळेच. आपल्याला समोरच्याला तू म्हणावे की तुम्ही, हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. आमची एल्फ एकशेचाळीस वर्षांची आहे आणि पंचविशीची दिसते. साठीच्या नावाड्याने तिला म्हटले, "ए पोरी, सरक जरा." ती म्हणाली, "तुझ्या आजोबांना पोहायला मी शिकवलंय." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. त्या रात्री आम्ही दोन रीती ठरवल्या. जंगलात वर्षे मोजतात, ज्याची जास्त तो मोठा. बंदरात आयुष्याचा सरलेला हिस्सा मोजतात: साठ वर्षांच्या माणसाचे आयुष्याच्या चार हिश्शांपैकी तीन संपले, एल्फचा अजून एक पंचमांशसुद्धा नाही, म्हणून तिनेच त्याला 'अहो काका' म्हणायचे. याचा परिणाम असा झाला की एखादा एल्फ कुठे वाढला, हे त्याच्या पहिल्या वाक्यातच कळू लागले. आखलेल्या त्या दोन ओळींचा अर्थ खेळाडूंना माझ्या समजावण्याने कळला नव्हता, तो या अहो-जाहोने कळला.

एक तक्रार आहे. २०१४ च्या पुस्तकातले हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क २०२४ च्या पुस्तकातून वगळले आहेत. आमच्या एका खेळाडूला माणूस बाप आणि एल्फ आई असलेली मुलगीच खेळायची होती. गुण एल्फचे घ्यावेत असे आम्ही ठरवले, पण चालीरीतींची ओळ तिने कोरीच ठेवली, काय लिहावे ते सुचत नाही म्हणून. मिश्र घरातल्या पात्रासाठी निदान एक पान तरी पुस्तकात हवे होते, असे मला अजूनही वाटते.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा बाप आजारी पडला. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आई तीनशे दहा वर्षांची आणि जंगलात वाढलेली. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला 'तू'च म्हणत आली होती, कारण वर्षांनी ती मोठी. खेळाडूंची नसलेली पात्रे मीच बोलतो, त्यामुळे आईचे बोलणे मी बोलत होतो. शेवटच्या संध्याकाळी ती त्याच्या उशाशी बसली आणि माझ्या तोंडून, काही न ठरवता, आले, "अहो, पाणी देऊ का?" मुलीची खेळाडू बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने शीट पुढे ओढले आणि चौदा महिने कोऱ्या राहिलेल्या ओळीत पेन्सिलने लिहिले: बंदर.