'इनबिल्ट अर्थिंग' आणि माझे २,१७,२४० रुपये

मशीनच्या नावाखाली मला फसवून नेलेली रक्कम आधीच सांगतो, कारण गावात ती आता साडेचार लाखांवर गेली आहे. खरा आकडा दोन लाख सतरा हजार दोनशे चाळीस. ट्रेनिंग फी १४,५००, बुकिंग २५,०००, मशीनचा तीस टक्के ॲडव्हान्स १,४५,५००, गाडीभाडं आणि इन्शुरन्स २२,८००, सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते चालू करायची पेनड्राइव्हसारखी किल्ली, ९,४४०. यातले साठ हजार बायकोनं बचत गटातून उचलून दिलेले होते. ही ओळ लिहायची की नाही यावर माझे तीन दिवस गेले.

मी आयटीआय वेल्डर. एकोणीस वर्षं स्वतःचं शॉप आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शेड, गेट, गोठ्याची कामं, ट्रॅक्टरच्या मागं लागणाऱ्या औजारांचे ब्रॅकेट. हे यासाठी सांगतोय की 'लॉटरी लागली' म्हणून ओटीपी देणारा माणूस मी नाही. तसल्या माणसांना मी हसायचो.

पाच-सहा मिलीचं कटिंग मी गॅसवर करतो. पातळ पत्रा गॅसवर धरला की पापडासारखा वाकतो, मग हातोडा आणि ग्राइंडर. नक्षीचं किंवा नगावरचं काम आलं की वाळूजला लेझरच्या जॉबवर्कला पाठवायचं. मधे भाडं, मधे चार दिवस, आणि गिऱ्हाईक इकडं दारात. म्हणून सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगवरून विजेच्या आर्कनं पत्रा कापणारं मशीन, डोक्यात बसलं होतं. खऱ्या कंपन्यांची कोटेशनं मागवली होती, सगळी साडेसहा लाखांच्या पुढं. आणि चालवायचं कसं हा प्रश्न वेगळाच. ड्रॉइंग, त्याची डीएक्सएफ फाइल, मशीनला हुकूम देणारा जी-कोड, आमच्या पिढीला हे कुणी शिकवलं?

नेमकं तेच एका जाहिरातीत दिसलं. 'आधी शिका, मग मशीन घ्या.' पाच बाय दहा फुटांचं टेबल, शंभर अँपिअरचा पॉवर सोर्स, कंट्रोलर, कापणाऱ्या टॉर्चची उंची सांभाळणारा हाईट कंट्रोल, सगळं ४,८५,००० अधिक जीएसटी. पाच दिवस ऑनलाइन ट्रेनिंग, त्याची फी मशीनच्या किमतीतून वजा. लेटरहेडवर गुजरातमधल्या मोठ्या शहराचा पत्ता, पण बोलणारा मराठी. 'भाऊ' म्हणायचा, 'सर' नाही. मला तेही बरं वाटलं.

ट्रेनिंग खरंच झालं, आणि इथंच मी फसलो. पोळ्याच्या आठवड्यात रोज रात्री आठ ते साडेनऊ. रेषा कशा जोडायच्या, डीएक्सएफ कशी काढायची, पत्र्यावर नग कसे बसवायचे म्हणजे नेस्टिंग, लीड-इन कशाला द्यायचं. टॉर्च जिथं पत्रा फोडते तिथलं भोक मोठं आणि ओबडधोबड होतं, म्हणून सुरुवात नगाच्या कडेवर न करता बाजूला टाकाऊ भागात करायची, हे त्यानं नीट सांगितलं. वही भरली माझी. वही भरली की माणसाला वाटतं पैसे वसूल झाले.

पण तिसऱ्या दिवशी मी विचारलं, सहा मिलीला पिअर्स डिले किती ठेवायचा? म्हणजे आर्क पेटल्यावर टॉर्चनं हलायच्या आधी किती थांबायचं. तर म्हणे, 'भाऊ, मशीन ऑटो घेतं.' मग विचारलं, कटिंगची दिशा? तर म्हणे, 'कशीही चालते.' आज मला माहीत आहे की दिशा कशीही चालत नाही. साध्या टॉर्चमधली हवा फिरत बाहेर पडते, त्यामुळं चालीच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची तिरपी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणं कापायची आणि आतली भोकं उलटी. ज्यानं एक दिवस टेबल चालवलं त्याला हे माहीत असतं. ज्यानं फक्त व्हिडिओ बघितले त्याला नसतं. शिकवणाऱ्याला असेच बारके प्रश्न विचारा, आणि उत्तर 'ऑटो' आलं की फोन ठेवा.

आता तो दिवस. मीच म्हणलं होतं, माझं ड्रॉइंग कापून दाखवा. उगं बावळटासारखे पैसे नव्हते देत मी. कल्टिव्हेटरच्या ब्रॅकेटची डीएक्सएफ पाठवली, सहा मिली, चार भोकं. गडबडीत एक भोक पाच मिलीचं काढलं होतं, दहाच्या जागी. दुसऱ्या दिवशी सात सेकंदांचा व्हिडिओ आणि दोन फोटो आले. ब्रॅकेट माझंच. आणि ते पाच मिलीचं भोक अगदी गोल, सुईनं पाडल्यासारखं.

सहा मिलीच्या प्लेटला पाच मिलीचं भोक प्लाझ्मानं तसं पडत नाही हो. प्लाझ्माचा कटच दीड-दोन मिली रुंद असतो. जाडीपेक्षा लहान भोक वर एका मापाचं तर खाली दुसऱ्या मापाचं येतं. खालच्या अंगाला स्लॅग, म्हणजे वितळून थिजलेलं लोखंड, चिकटतो, वरची धार किंचित गोलावते. इथं कट केसाएवढा आणि कडेवर बारीक उभ्या रेघा. वाळूजहून येणारा माझा माल असाच दिसतो! लेझरवर कापलेला तुकडा मी दर महिन्याला हातात घेतो, ग्राइंडर न मारता लावतो, आणि त्या फोटोकडं बघून मी काय म्हणलं? 'फिनिशिंग भारी आहे.' लेकाच्यांनी माझी फाइल कुठल्यातरी लेझरवाल्याकडं पाठवून कापून घेतली होती. फार तर शे-दोनशे रुपयांचं काम.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट त्या सात सेकंदांत होती. प्लेटला अर्थचा क्लॅम्प नव्हता. प्लाझ्माला अर्थ लागतोच, आर्क टॉर्चमधून प्लेटमध्ये जातो आणि क्लॅम्पमधून परत. लेझरला लागत नाही. शॉपमधल्या पोराला दिवसातून वीसदा 'अर्थ लावला का रे' म्हणून ओरडणारा माणूस मी. मला ते दिसलं, आणि मी विचारलंसुद्धा! चॅट अजून आहे, रात्री ९ वाजून ४२ मिनिटं. 'अर्थ दिसत नाही?' उत्तर आलं, 'भाऊ, इनबिल्ट अर्थिंग आहे.' मी अंगठा पाठवला.

टेबलाच्या सांगाड्याला आतून केबल जोडलेली असू शकते, तसं करतात काही जण, म्हणून पटलं. पण पटायचं होतं म्हणून पटलं, हेही खरं. खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती आणि हत्यारांच्या पूजेत मला नवं मशीन ठेवायचं होतं. मेव्हण्याला, शेजारच्या शॉपवाल्याला, सगळ्यांना सांगून बसलो होतो.

कोटेशनमध्ये अजून एक लिहिलेलं होतं, 'सिंगल फेजवर चालेल'. शंभर अँपिअरचा कटिंग आर्क साधारण सव्वाशे व्होल्टवर चालतो, म्हणजे बारा किलोवॅटच्या वर. सिंगल फेजवर हे ओढायचं तर वाया जाणारी वीज न धरताही पन्नास अँपिअरच्या पुढं जातं, वर कंप्रेसर वेगळा. घरगुती मीटर वितळेल. माझ्याकडं थ्री फेज आहे म्हणून ती ओळ मी वाचून सोडून दिली. खोटं आपल्या कामाचं नसलं तरी खोटंच असतं, एवढं समजायला पाहिजे होतं.

जीएसटी नंबर तपासला होता का, असं आता जो तो विचारतो. होता. पोर्टलवर टाकला, 'ॲक्टिव्ह' आलं, बंद केलं. नंबर खराच होता, दुसऱ्याचा. सुरुवातीला ०७ होतं, म्हणजे दिल्ली. गुजरातचा नंबर २४ नं सुरू होतो, आपला २७ नं. खाली व्यापाराचं नाव आणि पत्ता वाचला असता तर तो कपड्याचा व्यापारी निघाला असता, जसा नंतर निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. ॲडव्हान्सच्या वेळी खातं एका बाईच्या नावानं, तेही सेव्हिंग. 'आमच्या अकाउंटंट मॅडम, करंट खात्याला लिमिट आलंय.' मशीनचा धंदा करणारा माणूस दीड लाख सेव्हिंग खात्यावर घेत नाही. बँकेत आता पैसे पाठवायच्या आधी समोरच्या खात्याचं नाव दिसतं. मलाही दिसलं. २ सप्टेंबरला मी नाव बघून पाठवले.

१९ तारखेला गाडीभाडं. मग सप्टेंबरचा शेवट, आणि तो पाऊस तुम्हाला सांगायला नको. मांजरा, सिंदफणा, सीना, सगळ्या पात्र सोडून वाहत होत्या, वावरं मातीसकट गेली, रस्ते तुटले. 'भाऊ, गाडी पुराच्या अलीकडं थांबवली आहे, तुमचं मशीन भिजू नये म्हणून.' मी त्याचे आभार मानले! टीव्हीवर पाण्यात बुडालेले ट्रक दिसत होते, विश्वास कसा बसणार नाही? २६ ला डोंगलचे ९,४४० मागितले, 'गाडी पोचेपर्यंत ॲक्टिव्हेट करून ठेवतो.' तेही दिले. खंडेनवमीला जुन्या ग्राइंडरला हळदकुंकू लावलं. ३ ऑक्टोबरपासून फोन बंद.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला ६ तारखेला. तीन दिवस लाजेत घालवले, बायकोला सांगायला पाहिजे म्हणून. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. फोन लागला, तक्रार नंबर मिळाला. कळल्या कळल्या केला असता तर एखाद्या खात्यात जास्त सापडले असते. कळलं की त्याच मिनिटाला फोन करा, रडणं नंतर. माझे एका खात्यात ११,३०६ रुपये अडकवून ठेवलेत. तेही हातात नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणले.

आता पोलीस ठाण्याचं. कुठलं ते लिहीत नाही, मला तिथं अजून जायचंय. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, 'पैसे तुम्हीच पाठवले ना? मग हा दिवाणी मामला.' तिसऱ्या खेपेला, 'कंपनी गुजरातची, तिकडं जा.' चौथ्या खेपेला, जिल्ह्याला सायबरला जा. जिल्ह्याला गेलो, एसटीनं, शॉप बंद ठेवून. तिथं म्हणले, तुमच्या ठाण्याचं पत्र आणा आणि सगळ्या चॅटच्या प्रिंट आणा. ६४ पानं निघाली, पानाला ३ रुपये, १९२ रुपये. हे वरच्या हिशोबात नाहीत. पत्र घ्यायला गेलो तर पत्र देणारा सुट्टीवर. तोवर ती प्रिंट घामानं पुसट झाली, तर म्हणले कलर काढून आणा.

नंतर एका वकिलानं सांगितलं की हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी ते मोबाइलवर उघडून दाखवलं. साहेब म्हणले, 'तुम्ही वेल्डर की वकील?' आणि सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. १,४५,५०० रुपये ज्यानं नेले तो मला 'भाऊ' म्हणायचा. जो परत मिळवून देणार तो मला 'ए, नंतर ये' म्हणतो. एफआयआर शेवटी अकराव्या खेपेला झाला, तोही मेव्हण्याच्या ओळखीतून. त्यात मशीनचं नाव 'प्लाजमा टीव्ही' असं टाइप झालं होतं. दुरुस्तीला पुन्हा दोन तास.

बँकेत वेगळा तमाशा. आमची शाखा म्हणते समोरच्या बँकेला विचारा, समोरची म्हणते तुम्ही आमचे खातेदार नाही. ग्राहक आयोगाचाही विचार केला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू चालत नाही असं लोक सांगतात, ते अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं मशीन २०१९ च्या कायद्यात बसतं, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. पण नोटीस पाठवू कुणाला? त्या कपड्याच्या व्यापाऱ्याला?

मशीन घ्यायचंच असेल तर जाऊन बघा. एसटीचं तिकीट कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा स्वस्त. मी नंतर जालन्यात एका शॉपवर दोन दिवस उभा राहिलो, फुकट. त्या पोरानं सकाळी आल्या आल्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडलं, कारण ओल्या हवेनं नोझल आणि इलेक्ट्रोड दिवसात खराब होतात. इलेक्ट्रोडच्या टोकाला पडलेला खड्डा नखानं बघितला. मग क्लॅम्प उचलला आणि थेट प्लेटला लावला. मी विचारलं, टेबलाला नाही लावत? म्हणाला, 'काका, गंजलेल्या पट्ट्यांवर भरोसा नाही.' पाच रात्रींच्या ट्रेनिंगमध्ये यातला एक शब्द नव्हता.

परवा तो नंबर परत चालू झाला. डीपी बदलली आहे, नाव बदललं आहे. आता लाकडी घाण्याचं तेलाचं मशीन विकतोय, ट्रेनिंग फ्री. स्टेटसचा स्क्रीनशॉट घेऊन पळत ठाण्यात गेलो, म्हणलं साहेब, बगा, चालू आहे, आत्ता चालू आहे.

साहेब म्हणले, प्रिंट काढून आणा.